ओपिऑइड ओव्हरडोस: जीव वाचवण्याचा क्रम आणि त्याआधीची तयारी

गर्द, अफू किंवा गुंगीच्या गोळ्या-इंजेक्शनांच्या ओव्हरडोसने माणूस जातो तेव्हा पुष्कळदा आसपास कुणीतरी असतं. घरात आई किंवा भाऊ असतो, अड्ड्यावर मित्र असतात, व्यसनमुक्ती केंद्रात रात्रपाळीचा कर्मचारी असतो. वाचवायला वेळही असतो. टोचून घेतल्यावर काही मिनिटांत श्वास बंद पडू शकतो हे खरं, पण अनेकदा तो तास-दोन तासांत हळूहळू मंदावत जातो. तरी माणूस हाती लागत नाही, कारण कामांचा क्रम चुकतो. तोंडावर पाणी मारणं, चापट्या मारणं, कॉफी पाजणं, पोलीस केस होईल का याची चर्चा करणं, यात सगळी मिनिटं जातात आणि श्वासाकडे कुणी बघत नाही.

हेरॉईन म्हणजेच गर्द किंवा ब्राऊन शुगर, अफू, मॉर्फिन, कोडीनची खोकल्याची औषधं, ट्रामाडोल, टॅपेंटाडोल, पेंटाझोसिन, फेंटानिल, मेथाडोन ही सगळी ओपिऑइड गटातली. मेंदूतलं जे केंद्र श्वास चालू ठेवतं, त्याला ही द्रव्यं दाबून टाकतात. मृत्यू होतो तो श्वास थांबल्याने. पुढचे सगळे टप्पे या एका गोष्टीवर उभे आहेत.

हा लेख तिघांसाठी आहे: व्यसनमुक्ती केंद्र चालवणारे, टोचून नशा करणाऱ्यांमध्ये काम करणारे वस्तीतले कार्यकर्ते आणि घरचे. वाचून श्वास द्यायला येत नाही, त्यामुळे टप्पा ५ कुणाकडून तरी प्रत्यक्ष शिकून घ्या.

## टप्पा १: कोणाला आणि कधी धोका आहे, याची यादी करा

सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या एम्सने केलेलं सर्वेक्षण २०१९ साली प्रसिद्ध झालं. त्यानुसार देशात १० ते ७५ वयोगटातले सुमारे २.१ टक्के, म्हणजे सव्वादोन कोटींच्या आसपास लोक ओपिऑइड घेत होते. ज्या राज्यांमध्ये ही समस्या असलेले लोक संख्येने जास्त, त्यांत महाराष्ट्रही आहे. पण या सगळ्यांना सारखा धोका नसतो. आपल्या केंद्रातल्या, वस्तीतल्या किंवा घरातल्या माणसाला पुढचं काय लागू पडतं ते लिहून काढा:

- नुकताच केंद्रातून, रुग्णालयातून किंवा तुरुंगातून बाहेर आलाय.
- याआधी एकदा ओव्हरडोस होऊन वाचलाय.
- दारू किंवा झोपेच्या गोळ्या बरोबर घेतो. बऱ्याच शहरांत ‘बटन’ म्हणून विकल्या जाणाऱ्या नायट्राझेपाम किंवा अल्प्राझोलामच्या गोळ्या यातच येतात. इंजेक्शनमध्ये एविल (गुंगी आणणारं ॲलर्जीचं औषध) आणि डायझेपाम मिसळणारेही याच यादीत.
- चेसिंग (पन्नीवर गरम करून धूर ओढणं) सोडून टोचायला लागलाय, किंवा माल देणारा बदललाय.
- एकटा, आतून कडी लावून घेतो.
- दमा, फुप्फुसाचा किंवा यकृताचा आजार आहे.

यातलं पहिलं कारण सगळ्यात जास्त दुर्लक्षित राहतं. रोज घेणाऱ्याच्या शरीराला मोठ्या मात्रेची सवय झालेली असते. घेणं थांबलं की ती सवय काही दिवसांत उतरू लागते आणि काही आठवड्यांत जवळजवळ संपते. डोक्यात मात्र जुनंच माप बसलेलं असतं. तीन महिने केंद्रात राहून आलेला मुलगा पहिल्याच संध्याकाळी जुन्या मित्रांना भेटतो आणि पूर्वीच्या अर्ध्या पुडीनेच खलास होतो. तुरुंगातून सुटल्यावरचे पहिले दोन आठवडे फार धोक्याचे असतात हे अनेक देशांतल्या अभ्यासांत दिसलं आहे. जामीन मिळून संध्याकाळी उशिरा सुटलेला माणूस रात्री कुठे जाणार, हा प्रश्न कार्यकर्त्याने सुटकेआधीच विचारायला हवा.

यादीत एक वेगळं घरही धरा: जिथे कॅन्सरच्या दुखण्यासाठी मॉर्फिनच्या गोळ्या किंवा फेंटानिलचा पॅच आहे. औषध बंद करायचं नाही, त्या रुग्णाला त्याची गरज आहे. ते कुलपात ठेवायचं, गोळ्या मोजून ठेवायच्या आणि वापरलेला पॅच चिकट बाजू आत घडी करून मुलांच्या हाती लागणार नाही असा टाकायचा.

तपासा: यादीतल्या प्रत्येक नावापुढे तुरुंगातून किंवा केंद्रातून ‘सुटण्याची तारीख’ लिहिली आहे का? नसेल तर यादी अपुरी आहे.

## टप्पा २: सुटण्याआधी बोला

व्यसनमुक्ती केंद्रांमध्ये निरोपाच्या दिवशी हार-फुलं होतात, शपथ होते, पालकांना समुपदेशन होतं. पुन्हा घेतलं तर काय, हे कुणी बोलत नाही. बोलायला घेतलं की घरचे म्हणतात, “असं अभद्र बोलू नका.” मला ही भीती समजते, पण न बोलण्याने माणसं मरतात. हे संभाषण निरोपाच्या दिवशी घाईत न करता त्याआधीच्या आठवड्यात करा. आधी त्याच्याशी एकट्याशी बोला, मग घरच्यांना बरोबर घेऊन.

त्याच्याशी साध्या शब्दांत:

“हे बघ दादा, तू परत घेऊ नयेस हेच आपल्या सगळ्यांना वाटतं. पण कधी घेतलंसच, तर जुन्या मापाने घेऊ नकोस, तुझं शरीर आता नवख्यासारखं आहे. एकटा घेऊ नकोस. कडी लावू नकोस. दारू किंवा बटन बरोबर नको. आणि घेतलंस म्हणून इथे यायला लाजू नकोस, दार उघडं आहे.”

आईशी:

“मावशी, तो घोरत पडला आणि हाक मारून उठला नाही, तर झोपलाय म्हणून सोडू नका. आधी छाती हलतेय का बघा.”

नॅलट्रेक्सोनच्या गोळ्या सुरू करून घरी सोडणार असाल तर आणखी एक वाक्य हवंच. ही गोळी चालू असताना नशा चढत नाही. ती बंद करून जुनं माप घेतलं तर शरीराला सवय उरलेली नसते. गोळी बंद झाली की लगेच केंद्राला कळवायचं, हे घरच्यांना कागदावर लिहून द्या.

इशारा: “पुन्हा घेतलंस तर आमचं तोंड बघू नकोस” अशी अट घालून घरी नेऊ नका. मग तो सार्वजनिक संडासात किंवा रेल्वेरुळांच्या कडेला जाऊन एकटा घेतो, आणि तिथे त्याला वाचवायला कुणी नसतं.

## टप्पा ३: पेटी भरा, जागा ठरवा

नॅलोक्सोन हे ओपिऑइडचं उतारा-औषध आहे. ते मेंदूतल्या त्याच जागांवरून ओपिऑइडला बाजूला सारतं आणि श्वास पुन्हा सुरू होतो. त्याची नशा येत नाही, व्यसन लागत नाही. ओपिऑइड घेतलंच नसेल तर ते फारसं काही करत नाही, म्हणून शंका असतानाही देता येतं. आपल्याकडे ते डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळणारं इंजेक्शन आहे. नेहमीच्या अँप्युलमध्ये १ मिलिलिटरमध्ये ०.४ मिलिग्रॅम औषध असतं.

पेटीत ठेवा:

- नॅलोक्सोनची किमान चार-पाच अँप्युल. एक ठेवणं म्हणजे न ठेवल्यासारखंच, कारण दुसरी मात्रा बऱ्याचदा लागते.
- २ मिलिलिटरच्या सिरिंज आणि स्नायूत पोचेल अशी साधारण एक इंच लांबीची सुई.
- कापूस, गॉझ, हातमोजे.
- तोंडाने श्वास देताना मध्ये ठेवायचा मास्क. केंद्रात अंबू बॅगही (हाताने दाबून श्वास देण्याची पिशवी) हवी, आणि ती वापरून बघितलेला माणूस प्रत्येक पाळीत हवा.
- जाड अक्षरात छापलेला टप्पा ५.
- पेन आणि वेळ लिहायचा कागद.

केंद्रात डॉक्टरांनी आधीच लेखी आदेश देऊन ठेवावा: कोणती लक्षणं दिसल्यावर, किती मात्रा, कोणी द्यायची. रात्री दोन वाजता डॉक्टरांचा फोन लागेपर्यंत वाट बघायची पाळी येता कामा नये. घरच्यांनी आपल्या मानसोपचारतज्ज्ञांकडून किंवा ओएसटी केंद्राच्या (नशेच्या ओपिऑइडऐवजी देखरेखीखाली औषध देणारं उपचार केंद्र) डॉक्टरांकडून चिठ्ठी घ्यावी आणि टोचायचं कसं ते त्यांच्यासमोर शिकावं. काही औषध दुकानांत ते नसतं, मागवून घ्यावं लागतं. म्हणून हे काम माणूस घरी येण्याआधी उरकायचं.

पेटी कुलपात ठेवू नका. औषधाच्या कपाटाची किल्ली व्यवस्थापकाच्या खिशात आणि व्यवस्थापक गावाला, हा प्रकार फार ठिकाणी चालतो. उन्हापासून दूर, सगळ्यांना माहीत असलेल्या एका जागी ती ठेवा आणि मुदत संपण्याची तारीख झाकणावर लिहा. केंद्रातल्या संडास-बाथरूमच्या कड्या बाहेरून उघडता येतील अशा करून घ्या. घरीही हे सुताराचं थोडंसंच काम आहे.

इशारा, इथे नावांचा घोटाळा होतो: नॅलोक्सोन आणि नॅलट्रेक्सोन ही वेगळी औषधं आहेत. नॅलट्रेक्सोनची गोळी बेशुद्ध माणसाच्या तोंडात घालू नका. ओएसटीसाठी मिळणाऱ्या ब्युप्रेनॉर्फिन-नॅलोक्सोनच्या गोळीत नॅलोक्सोन असतं म्हणून तीही तोंडात ठेवू नका. त्या गोळीने ओव्हरडोस उतरत नाही. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीच घालायचं नसतं.

तुमचा मुलगा किंवा भाचा अमेरिकेत शिकत असेल तर तिथली परिस्थिती वेगळी आहे. तिथे पार्टीत मिळणाऱ्या नकली गोळ्यांमध्ये फेंटानिल असू शकतं आणि कधी नशा न केलेलं मूलही एका गोळीने जाऊ शकतं. २०२३ मध्ये तिथे ओव्हरडोसने एक लाखाहून जास्त माणसं गेली. नाकात मारायचा ४ मिलिग्रॅमचा नॅलोक्सोन स्प्रे त्या वर्षीपासून चिठ्ठीशिवाय दुकानात मिळू लागला. त्याला सांगा, खोलीत एक आणून ठेव. तिथे फोन ९११ ला करायचा. कॅनडात २०१७ पासून असा फोन करणाऱ्याला अंमली पदार्थ जवळ बाळगल्याच्या गुन्ह्यातून संरक्षण देणारा कायदा आहे.

## टप्पा ४: ओळखा

तीन खुणा एकत्र दिसल्या की ओपिऑइड ओव्हरडोस समजून कामाला लागा: हाक मारून, हलवून जाग येत नाही, श्वास मंद, तुटक किंवा बंद, डोळ्याच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या बारीक. बाहुल्या बारीक नसल्या तरी पहिल्या दोन खुणा दिसताच कामाला लागा, तिसरीसाठी थांबू नका. इतर द्रव्यं मिसळली असतील किंवा मेंदूला बराच वेळ प्राणवायू मिळाला नसेल तर बाहुल्या मोठ्याही दिसतात.

श्वास असा मोजा. शर्ट वर करा, छाती-पोटाकडे बघा, कान त्याच्या नाकाशी न्या आणि दहा सेकंद थांबा. दहा सेकंदांत एकच श्वास किंवा एकही नाही, म्हणजे धोका. सावळ्या रंगात ओठांचा निळेपणा चटकन दिसत नाही. खालचा ओठ उलटून आतला भाग बघा आणि नखं बघा. राखाडी, जांभळट दिसली तर प्राणवायू कमी पडतोय.

घोरण्यावर दोन शब्द जास्त लिहितो, कारण सगळ्यात जास्त फसगत तिथे होते. नेहमीच्या घोरण्याला लय असते, हलवलं की माणूस कूस बदलतो, कुरकुरतो. ओव्हरडोसमधला आवाज खोल, घरघरता, घशात पाणी अडकल्यासारखा असतो, दोन आवाजांमध्ये लांब खंड पडतो, आणि हलवलं तरी हात खाली लोंबतो. “आज फार चढलीय, झोपू दे सकाळपर्यंत” असं म्हणून पांघरूण घातलेला माणूस सकाळी थंड सापडतो.

करोनाच्या काळापासून बऱ्याच घरांत ऑक्सिमीटर आहे. तो लावायला हरकत नाही, पण बोटं गार असली की आकडा येत नाही, आणि तो येईपर्यंत सगळे त्या छोट्या पडद्याकडे बघत बसतात. छाती बघा.

तपासा: नुसता गुंगीत आहे, पण हाकेला ओ देतो आणि मिनिटाला बारा-पंधरा श्वास घेतोय, अशा माणसाला नॅलोक्सोन लागत नाही. त्याला कुशीवर झोपवा आणि एकटं सोडू नका. दर पाच मिनिटांनी श्वास मोजा.

## टप्पा ५: पहिली दहा मिनिटं

हा क्रम बदलू नका. दोघं असाल तर २ आणि ३ एकाच वेळी होतात.

1. जागं करून बघा. नावाने मोठ्याने हाक मारा, खांदे हलवा. उत्तर नाही तर मुठीच्या हाडांनी छातीच्या मधल्या हाडावर जोराने घासा. एवढ्यानेही हालचाल नाही, तर पुढे. यात दहा-पंधरा सेकंदांपेक्षा जास्त घालवू नका.

2. १०८ ला फोन करा, स्पीकर चालू ठेवा. लागला नाही तर ११२. आधी पत्ता आणि खूण: “मारुतीच्या देवळामागची गल्ली, पाण्याच्या टाकीशेजारी.” मग: “माणूस बेशुद्ध आहे, श्वास जवळजवळ बंद आहे, ओठ निळे पडलेत.” काय घेतलंय तेही सांगा, डॉक्टरांना त्याचाच उपयोग होतो. एकाला रस्त्याच्या तोंडाशी उभं करा, चाळीत-झोपडपट्टीत रुग्णवाहिका गल्ली शोधत फिरते.

3. श्वास द्या. पाठीवर उताणं झोपवा. तोंडात उलटी, तंबाखू, कवळी असेल ती बोटाने काढा. एक हात कपाळावर, दुसऱ्या हाताच्या बोटांनी हनुवटी वर, डोकं मागे. जीभ मागे पडलेली असते ती याने सुटते. कधी कधी एवढ्यानेच श्वास सुरू होतो. नाही झाला तर नाक चिमटीत धरून, मास्क ठेवून, तोंडाने दोन श्वास द्या. प्रत्येक श्वासाला छाती वर आली पाहिजे. नाही आली तर डोकं नीट मागे झालेलं नाही. त्यानंतर दर पाच-सहा सेकंदांनी एक श्वास. नाडी बघायला शिकलेल्याने नाडी बघावी. नाडी नसेल, किंवा आहे की नाही कळत नसेल, तर छातीच्या मधोमध ३० दाब आणि २ श्वास: मिनिटाला १०० ते १२० च्या वेगाने, साधारण पाच सेंटिमीटर खोल.

4. नॅलोक्सोन द्या. अँप्युलच्या मानेत अडकलेलं औषध टिचकी मारून खाली आणा, मानेभोवती गॉझ गुंडाळा, आपल्यापासून दूर मोडा. सगळं औषध ओढून घ्या. मांडीच्या बाहेरच्या मधल्या भागात किंवा दंडाच्या वरच्या भागात सुई सरळ आत. लेंगा-पँट काढत बसायची गरज नाही, पातळ कपड्यातूनही चालतं. शीर शोधू नका. लांब सुई नसेल, इन्सुलिनची छोटी सिरिंज असेल, तर तीही वापरा; त्वचेखाली दिलेलं औषध जरा उशिरा पण काम करतं. वेळ लिहा.

5. पुन्हा श्वास. औषधाला काम करायला दोन ते पाच मिनिटं लागतात. ही मिनिटं सगळ्यात लांब वाटतात आणि याच वेळी लोक सुई ठेवून बघत उभे राहतात. श्वास देत राहा.

6. दोन-तीन मिनिटांनी तपासा. श्वास सुरू नाही तर दुसरं अँप्युल. ब्युप्रेनॉर्फिन किंवा फेंटानिल घेतलं असेल तर जास्त लागू शकतं. दोन-तीन मात्रांनंतरही फरक नाही तर कारण दुसरं असेल. रुग्णवाहिका येईपर्यंत श्वास चालू ठेवा.

7. श्वास सुरू झाला की कुशीवर. वरचा गुडघा वाकवून पुढे टेकवा, वरचा हात गालाखाली, तोंड जरा खाली. उलटी झाली तर ती बाहेर पडेल, फुप्फुसात जाणार नाही.

नॅलोक्सोन नसेल तर? १, २, ३ आणि ७ तुमच्या हातात आहेत. श्वास देत रुग्णवाहिकेपर्यंत पोचवलेला माणूस नॅलोक्सोनशिवायही वाचतो. श्वास न देता नुसतं औषध शोधायला धावलेल्यांच्या हातून तो जातो.

इशारा: मात्रा श्वासासाठी असते, जाग येण्यासाठी नाही. मिनिटाला दहा-बारा श्वास चालू झाले आणि माणूस अजून झोपेत असेल, तर आणखी टोचू नका. भरमसाट दिलं की एकदम तीव्र विथड्रॉवल (नशा अचानक तुटल्याचा त्रास) येतं, माणूस उलट्या करत, भांडत पळून जातो.

हे कधीच करू नका: मिठाचं पाणी टोचणं, दूध, लिंबू किंवा चहा पाजणं, उलटी करवणं, गार पाण्याखाली धरणं, दोघांनी खांद्याला धरून चालवणं, ‘उतरवायला’ दुसरं कसलंही इंजेक्शन देणं. मिठाच्या पाण्याचा समज वस्त्यांमध्ये घट्ट बसलेला आहे. तो जिवंत राहिलेल्यांच्या अनुभवावर बसलाय; ते मिठाने नव्हे, सुईच्या दुखण्याने जागे झाले होते किंवा मुळात मरणार नव्हते.

## टप्पा ६: शुद्धीवर आल्यावरचे दोन तास

नॅलोक्सोनचा परिणाम साधारण अर्धा ते दीड तास टिकतो. अंगातलं ओपिऑइड त्याहून जास्त टिकू शकतं, मेथाडोन तर खूपच जास्त. म्हणजे उठून बसलेला, बोलणारा माणूस तासाभराने पुन्हा निळा पडू शकतो. “आता बरा आहे” म्हणून रुग्णवाहिका परत पाठवणं ही घरच्यांची सगळ्यात महागात पडणारी चूक.

जाग आल्यावर तो चिडलेला असेल. अंग दुखतं, थंडी वाजते, मळमळतं, काय झालं ते आठवत नसतं. त्या वेळी शपथा, आसवं, आरडाओरडा नको. एकानेच बोलावं: “तुझा श्वास बंद पडला होता. आम्ही औषध दिलंय, त्याने त्रास होतोय. तासाभरात कमी होईल. आत्ता परत घेतलंस तर औषध उतरल्यावर आधीची आणि नवी नशा मिळून श्वास थांबेल.” हे शेवटचं वाक्य दोनदा सांगा, कारण अशा वेळी त्याला पहिली इच्छा पुन्हा घेण्याचीच होते.

रुग्णालयात जायला तयार नसेल तरी कमीत कमी दोन तास कुणीतरी शेजारी बसायचं, श्वास मोजत. मेथाडोन किंवा दीर्घ परिणामाच्या गोळ्या घेतल्या असतील तर दोन तास पुरत नाहीत, रुग्णालय लागतंच.

## टप्पा ७: रुग्णालय आणि पोलिसांची भीती

रुग्णालय अशी केस वैद्यकीय-कायदेशीर म्हणजे एमएलसी म्हणून नोंदवतं. ही नोंद उपचाराच्या आड येऊ शकत नाही. परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच सांगितलं आहे की जीव वाचवणं आधी, कागदपत्रं नंतर, आणि हे सरकारी-खासगी दोन्ही डॉक्टरांना लागू आहे. “आधी पोलीस स्टेशनला जाऊन या” असं कुणी म्हटलं तर हे शांतपणे पण ठामपणे सांगा.

कायद्याची बाजू खरी तशी माहीत असावी. एनडीपीएस म्हणजे अंमली पदार्थविरोधी कायद्यात सेवन हा गुन्हा आहे. त्याच कायद्याच्या ६४-अ कलमानुसार सेवनाचा किंवा अल्प मात्रेचा आरोप असलेला व्यसनी माणूस स्वतःहून सरकारी किंवा सरकारमान्य संस्थेत उपचार घेत असेल तर त्याला खटल्यापासून सूट मिळू शकते; उपचार अर्धवट सोडले तर ती काढता येते. रस्ते अपघातात मदत करणाऱ्याला मोटार वाहन कायद्याचं १३४-अ कलम संरक्षण देतं. ओव्हरडोसमध्ये मदत करणाऱ्यासाठी असं वेगळं कलम आपल्याकडे नाही, आणि ते असायला हवं. ते नाही म्हणून मित्र माणसाला रुग्णालयाच्या दारात टाकून पळतात आणि काय घेतलं हे सांगायला कुणी उरत नाही.

तोवर केंद्रांनी आणि प्रकल्पांनी करायचं काम: स्थानिक पोलीस ठाण्याच्या अधिकाऱ्यांना आधीच भेटा, ओव्हरडोसच्या ठिकाणी मदत करणाऱ्यांची धरपकड होऊ नये एवढंच मागा, कार्यकर्त्यांना ओळखपत्र आणि संस्थेचं पत्र द्या. आधी चहा घेऊन झालेली भेट त्या रात्री कामाला येते.

डॉक्टरांना सांगायच्या गोष्टी एका कागदावर: काय घेतलं, कधी, टोचून की ओढून, बरोबर दारू किंवा गोळ्या, नॅलोक्सोन किती आणि किती वाजता. रिकामी अँप्युल आणि गोळ्यांची पाकिटं बरोबर न्या.

## टप्पा ८: दुसऱ्या दिवसापासून उपचार

एकदा ओव्हरडोस झालेल्याला पुन्हा होण्याचा धोका मोठा असतो. या वेळी घरचे त्याला पकडून महिन्याभरासाठी कुठेतरी ‘टाकायचं’ बघतात. अंगातलं काढून, सवय उतरवून, पुढचे उपचार न जोडता परत पाठवलेला माणूस पूर्वीपेक्षा जास्त धोक्यात असतो. हे केंद्रचालकांना ऐकायला आवडत नाही, पण आकडे तेच सांगतात. ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये २०१७ साली आलेल्या एका मोठ्या आढाव्यात मेथाडोन उपचार चालू असलेल्यांमध्ये वर्षाला दर हजारी सुमारे ११ मृत्यू, तर उपचार सुटलेल्यांमध्ये सुमारे ३६ मृत्यू होते. ब्युप्रेनॉर्फिनच्या बाबतीत हेच आकडे सुमारे ४ आणि साडेनऊ होते.

म्हणून ओएसटी. राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमात टोचून नशा करणाऱ्यांना ब्युप्रेनॉर्फिनची गोळी मोफत, जिभेखाली, कर्मचाऱ्यासमोर दिली जाते. जवळचं केंद्र जिल्हा रुग्णालयात किंवा एड्स नियंत्रण संस्थेकडे विचारा. न टोचणाऱ्यांसाठी मानसोपचारतज्ज्ञ किंवा सरकारी व्यसनोपचार केंद्र. राष्ट्रीय व्यसनमुक्ती हेल्पलाइन १४४४६ आहे.

“ही तर एक नशा सोडून दुसरी झाली” असं म्हणत घरचे तीन आठवड्यांत गोळी बंद करवतात. मधुमेहाची गोळी आपण अशी बंद करवत नाही. काही दिवस खंड पडला असेल तर जुनी मात्रा एकदम घेऊ नका, डॉक्टरांना सांगून नव्याने ठरवून घ्या. आणि केंद्रांनी खंड पडला म्हणून नाव काढू नये. उपचार सुटल्यानंतरचे पहिले आठवडे फार वाईट असतात.

## टप्पा ९: केंद्रात बसवायची घडी

महिन्यातून एकदा, शक्यतो रात्रपाळीत, न सांगता सराव घ्या. उशी जमिनीवर ठेवा आणि म्हणा, “हा श्वास घेत नाही.” पेटी हाती यायला किती वेळ लागला, पहिला श्वास कधी दिला गेला, हे घड्याळ लावून लिहा. स्वयंपाकी आणि सुरक्षारक्षक यांनाही यात घ्या, कारण रात्री तेच जागे असतात. बरे होऊन केंद्रातच मदत करणाऱ्या मुलांना पुढे उभं करा. नशेची घरघर ते सगळ्यांआधी ओळखतात.

प्रत्येक प्रसंगाची एक पानी नोंद ठेवा: वेळ, ठिकाण, लक्षणं, श्वास दिला का, औषधाची मात्रा, रुग्णवाहिका किती वेळात आली, पुढे काय झालं. नाव लिहू नका, संकेतांक लिहा. नोंद पोलिसांसाठी नाही. तीन दिवसांच्या आत सगळ्या पाळ्यांनी बसून ती वाचावी. एकाच गल्लीत आठवड्यात दोन ओव्हरडोस झाले तर माल बदललाय असं समजून त्याच दिवशी बाकीच्यांना सावध करा आणि जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांना किंवा महापालिकेच्या आरोग्य विभागाला लेखी कळवा. वापरलेल्या अँप्युलच्या जागी नवी त्याच दिवशी पेटीत गेली पाहिजेत, आणि ती कोण आणणार हे नावानिशी भिंतीवर लावा.